पहिली कात, पहिला घास

सापाचं पिल्लू जन्माला येतं तेव्हा त्याला कुणी भरवत नाही, कुणी शिकवत नाही, बहुतेकांना आई भेटतही नाही. पोटात उरलेला थोडा बलक आणि अंगावर एक कच्ची कातडी, एवढीच त्याची पुंजी. ती कातडी उतरली की मगच पहिली शिकार. जन्म आणि पहिला घास यांच्यामधले हे आठ-पंधरा दिवस फार नाजूक आणि फार मजेदार असतात.

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळं सोडलं की सोनगीर, मग नरडाणा, मग तापी ओलांडून शिरपूर. काळी जमीन, कपाशी आणि मे महिन्यात अंग भाजून काढणारं ऊन. या पट्ट्यात मृगाच्या आधी वावरं साफ होतात, पऱ्हाट्यांचे ढीग हलतात, उकिरडा उपसून शेणखत शेतात जातं, एमआयडीसीकडे जेसीबी जमीन सपाट करतो. नेमकी हीच वेळ नागाची, धामणीची, दिवडाची अंडी जमिनीत पिकत आलेली असण्याची. मग फावड्याच्या टोकाशी पांढऱ्या लांबट अंड्यांचा पुंजका दिसतो आणि आरडाओरडा होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडचा कुठलाही देशी साप, त्याचं अंडं किंवा पिल्लू घरी पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, धामण, घोणस हे पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तिथली शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. नवजात सापांची देखभाल आपल्याकडे होते ती उघड्यावर पडलेल्या अंड्यांची, वनखात्याला कळवून, जाणत्या सर्पमित्रांच्या हातून. ती कशी होते हे मात्र प्रत्येकाने वाचावं इतकं सुरस आहे.

अंडं फिरवू नका

कोंबडी आपली अंडी दिवसातून कितीदा तरी उलटते. सापाचं अंडं उलटलं तर आतलं पिल्लू मरू शकतं. अंडं घातल्यावर लवकरच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि तिथेच वाढतो. म्हणून जाणकार माणूस अंडं उचलण्याआधी त्याच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने हलकी खूण करतो आणि नव्या जागी खूण वरच ठेवतो. एकमेकांना चिकटलेली अंडी तोडून वेगळी करायची नाहीत. पुंजका तसाच्या तसा उचलायचा.

हे कवच कडक नसतं, चिवट आणि चामडी असतं. ते आजूबाजूची ओल शोषून घेतं आणि दिवसागणिक फुगतं. ओल कमी पडली की अंड्याला खळगे पडतात, जास्त झाली की बुरशी धरते. ओलसर कोकोपीट किंवा माती, हवेसाठी भोकं पाडलेला डबा आणि साधारण २८ ते ३० अंशांची ऊब, एवढी व्यवस्था पुरते. खानदेशात खरा प्रश्न ऊब देण्याचा नसतो, गारवा राखण्याचा असतो. बाहेर पारा ४४ वर गेलेला असताना पत्र्याच्या खोलीत ठेवलेला डबा म्हणजे पिल्लांचं मरण. उंदराच्या बिळात हातभर खोल मात्र तापमान फारसं हलत नाही. नागीण जागा निवडते ती याच हिशेबाने.

मगरींमध्ये आणि बऱ्याच कासवांमध्ये अंड्याच्या उबेवर नर की मादी हे ठरतं. सापांमध्ये तसं नाही. तिथे ते गुणसूत्रांवर आधीच ठरलेलं असतं.

नाकाखालचा दात

नागाची अंडी साधारण ५० ते ७० दिवसांत फुटतात. फुटतात म्हणण्यापेक्षा चिरली जातात. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक बारीक, पुढे आलेला दात असतो. त्याने ते कवचाला आतून चिरा देतं. काम झालं की हा दात काही दिवसांत गळून जातो, आयुष्यात पुन्हा येत नाही.

चीर पडली की पिल्लू लगेच बाहेर पळत नाही. नुसतं डोकं बाहेर काढून ते तासन्‌तास, कधी दिवस-दीड दिवस तसंच बसतं. श्वास घेतं, जीभ लपलपवतं, काही हललं की डोकं आत घेतं. या वेळात पोटाशी उरलेला बलक आत ओढला जात असतो. घाई करून अंडं फाडलं तर हा बलक वाया जातो आणि पिल्लू अशक्त निघतं. इथे मदत करायची नसते. मदत न करणं हीच देखभाल.

कोण अंडी घालतं, कोण पिल्लं

नाग साधारण १० ते ३० अंडी घालतो. पाण्याकाठचा दिवड नव्वदपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. मण्यार मात्र आठ-दहा-बारावर थांबते. घोणस, फुरसं, मांडूळ, डुरक्या घोणस आणि हरणटोळ अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लं देतात. घोणशीला एका वेळी २० ते ४० पिल्लं होतात, क्वचित साठाहूनही जास्त. त्यामुळे एक घोणस पिल्लू दिसलं त्या बांधावर आणखी असणार हे धरून चालावं.

सगळ्यांत नवल वाळ्याचं. कुंडीत, न्हाणीत, ओल्या विटांखाली सापडणारा, गांडूळ समजून मारला जाणारा हा काळसर साप जगभर फक्त मादीच आढळतो. नराशिवाय ती अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात.

आई असते, पण थोड्यांनाच

बहुतेक साप अंडी घालतात आणि निघून जातात. नागीण मात्र अंड्यांजवळ थांबते, म्हणून अंड्यांचा ढीग दिसला की हात घालण्याआधी आई कुठे आहे ते पाहावं. अजगराची मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि त्या थरथरीतून ऊब निर्माण करते. थंड रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा प्राणी स्वतः ऊब तयार करतो!

पहिल्या कातीशी आईचं नातं जोडणारी सर्वांत सुंदर नोंद दक्षिण आफ्रिकेतली आहे. विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे ग्रॅहम अलेक्झांडर यांनी दिनोकेंग अभयारण्यात सात वर्षं तिथल्या अजगरांवर लक्ष ठेवलं आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विणीच्या काळात मादी काळपट होते, म्हणजे ऊन जास्त शोषलं जातं. तापलेलं अंग घेऊन ती बिळात अंड्यांपाशी जाते. पिल्लं निघाल्यावरही ती सुमारे दोन आठवडे थांबते. पिल्लं दिवसा बिळाच्या तोंडाशी ऊन खातात, रात्री आईच्या वेटोळ्यात शिरतात. या सगळ्या काळात तिच्या पोटात अन्नाचा कण नसतो आणि तिचं वजन जवळजवळ ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. साप निर्दय असतात असं बेधडक बोलणाऱ्यांना ही हकिगत मी आवर्जून सांगतो.

अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापांच्या काही जातींतही आई पिल्लांची पहिली कात होईपर्यंत जवळ राहते. तिथे पहिल्या कातीला आणखी एक मान आहे. त्या वेळी शेपटीच्या टोकाला पहिली कायमची कडी उघडी पडते. पुढे दर कातीला एक कडी वाढत जाते. वर्षात काती अनेक होतात आणि कड्या मोडतातही, म्हणून खुळखुळ्याच्या कड्या मोजून वय सांगता येत नाही.

एवढी घाई कशाला?

बहुतेक अंड्यांतली पिल्लं जन्मानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पहिली कात टाकतात. अजून अंग वाढलेलं नाही, कातडी आखडलेली नाही, मग कशाला? याचं उत्तर २००२ मध्ये हार्वे लिलीव्हाइट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या किंगस्नेकच्या पिल्लांवर काम करून दिलं. अंड्यातल्या ओलाव्यात वाढलेली कातडी पाणी धरून ठेवायला कच्ची असते. पहिल्या कातीखालून जी नवी कातडी येते तिच्यात पाणी अडवणाऱ्या चरबीचे थर नीट बसलेले असतात. कातीनंतर कातडीतून पाणी उडण्याला होणारा अडसर जवळजवळ दुप्पट झालेला आढळला.

आता हे नरडाण्याच्या जूनशी लावून पाहा. पाऊस लांबला, वारा कोरडा, जमीन भेगाळलेली. नुकतं निघालेलं वीतभर पिल्लू अशा उन्हात उघड्यावर पडलं तर भुकेने मरत नाही, सुकून मरतं. म्हणून पहिल्या कातीपर्यंतच्या देखभालीत पहिली गोष्ट ओल, दुसरी ओल आणि तिसरी अंधार. खाणं त्या यादीत येतच नाही.

डोळे निळे झाले की

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला बसवलेला असतो आणि तोही कातीबरोबर बदलतो. कात जवळ आली की जुन्या आणि नव्या कातडीच्या मधे पातळ द्रव साचतो. रंग मळतो, डोळे धुरकट निळे होतात, साप जवळजवळ आंधळा होतो. मग तो लपून राहतो, खात नाही, चटकन दचकतो. पुढे डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की आजार गेला. खरं तर तयारी आता पुरी झालेली असते. त्यानंतर काही दिवसांत पिल्लू खडबडीत दगडावर नाकाड घासतं, ओठांच्या कडेला कातडी सुटते आणि पायातून मोजा उलटा काढावा तशी कात सुटत जाते.

त्यामुळे अंगणात सापडलेली कात बहुधा उलटी असते, आतली बाजू बाहेर. शेपटीचं टोक सर्वांत शेवटी सुटतं, म्हणून ते ज्या दिशेला तिकडे साप गेलेला असतो. आणखी एक, कात सापापेक्षा लांब असते. खवल्यांमधली घडी घातलेली कातडी निघताना ताणली जाते. पाच फुटांची कात पाहून सहा फुटांचा साप शोधत बसू नये. तो पाच फुटांहून लहानच असतो.

उपाशीच राहू द्या

पहिली कात होईपर्यंत पिल्लाला काही भरवायचं नाही. पोटात बलक आहे, तो पुरतो. वनखात्याच्या देखरेखीखाली अंडी उबवणारे जाणते लोक पिल्लं निघाल्यावर ती लवकरात लवकर मूळ जागेजवळच्या सुरक्षित अधिवासात सोडतात आणि माझ्या मते हेच सर्वांत चांगलं. ओल्या मातीखाली, दगडाच्या फटीत पहिली कात जितकी छान होते तितकी कुठल्याही डब्यात होत नाही. जखमी किंवा अशक्त म्हणून ठेवावंच लागलं तर प्रत्येक पिल्लाला वेगळा डबा, तळाला स्वच्छ कागद, एका कोपऱ्यात ओलं शेवाळ किंवा ओला कपडा, घासायला एक खडबडीत खापर आणि बुडणार नाही इतकं उथळ पाणी द्यावं. एवढंच. फोटोसाठी हातावर घेणं हा पिल्लाचाही छळ आणि आपल्याही जिवाशी खेळ.

कातीनंतर मात्र भूक खवळते. नागाच्या पिल्लाला लहान बेडूक-बेडकुळ्या लागतात, दिवडाच्या पिल्लाला भैकेर (बेडकांची शेपटीवाली पिल्लं) आणि बारीक मासे, घोणशीच्या पिल्लाला पाली-सरडे. मण्यारीचं पिल्लू वाळ्यासारखे छोटे साप गिळतं. फुरशाचं पिल्लू विंचू आणि गोमही सोडत नाही. पहिला पाऊस, डबक्यांत भैकेर, बेडकांचा सुळसुळाट आणि त्याच सुमारास पिल्लांची पहिली कात, सगळं एकाच पंधरवड्यात जुळून येतं.

ओढू नका

कात एका तुकड्यात निघाली तर तब्येत ठणठणीत. चिंध्या-चिंध्या निघाली तर हवा कोरडी होती किंवा पिल्लू आजारी आहे. दोन जागी ती हटकून अडकते, डोळ्यावर आणि शेपटीच्या टोकाला. शेपटीला राहिलेलं कडं वाळून आवळतं, रक्त थांबतं आणि टोक झडून जातं. उपाय म्हणजे कोमट ओल्या कपड्याच्या घडीतून पिल्लाला आपलं आपण सरकू देणं. डोळ्यावरचा पापुद्रा नखाने किंवा चिमट्याने कधीही काढायचा नाही, खालचा नवा खवला त्याबरोबर येतो आणि डोळा जातो. निघालेली कात उजेडात धरून पाहावी. डोळ्यांच्या जागी दोन स्वच्छ गोल काचा दिसल्या की काम फत्ते.

उंबऱ्याशी सापडलेली कात वाचा

श्रावणात न्हाणीघरात किंवा लाकडांच्या ढिगात बोटाएवढी-वीतभर कात सापडते. घाबरण्याआधी ती वाचावी, कारण रंग गेला तरी खवल्यांची रचना जशीच्या तशी राहते. पाठीच्या मधोमध षट्कोनी खवल्यांची एक रांग बाजूच्या खवल्यांपेक्षा ठळक मोठी असेल आणि शेपटीखालचे खवले अखंड एकेरी असतील तर ती मण्यार. तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी कवड्या असेल तर पाठीवर तशी मोठी रांग नसते आणि शेपटीखालचे खवले दुहेरी असतात. डोक्यावर मोठ्या ढाली नसून बारीक, कण्यासारखी रेघ असलेले खवले असतील तर घोणस किंवा फुरसं. शंका आली तर कात कागदात गुंडाळून सर्पमित्राला दाखवा.

लहान म्हणून विष कमी?

नागाचं पिल्लू अंड्यातून निघता निघता फणा काढतं आणि त्याचं विष पहिल्या दिवसापासून काम करतं. उलट टोकाचा समज असाही आहे की पिल्लं मोठ्यांपेक्षा घातक, कारण त्यांना विष आवरता येत नाही. तेही खरं नाही. मोठ्या सापाकडे विषाचा साठा कितीतरी जास्त असतो. पण पिल्लाचा दंश म्हणून घरी बसणं हा प्राणावर बेतणारा मूर्खपणा आहे. दंश झाला की १०८ वर फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

सर्वांत धोकादायक चूक होते ती घोणशीच्या पिल्लाला अजगराचं पिल्लू समजून उचलण्याची. घोणशीच्या पाठीवर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नसलेले. तरीही हा फरक लांबूनच पाहायचा.

सापांची भीती माहितीने कमी होते हे महाराष्ट्राला नीलिमकुमार खैरे यांनी दाखवून दिलं. १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका खोलीत राहिले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं आणि शाळेच्या सहलीत मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पहिला साप तिथेच निवांत पाहिला.

कात आणि अंडीचोर खार

अमेरिकेतले काही पक्षी आपल्या घरट्यात सापाची कात आणून ठेवतात. कशासाठी? अर्कान्सामधल्या संशोधकांनी पेट्यांमध्ये लाव्याची अंडी ठेवून पाहिलं. प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कात नसलेल्या काही पेट्यांतली अंडी उडत्या खारींनी खाल्ली. कात असलेल्या एकाही पेटीला त्यांनी तोंड लावलं नाही.

दूध, पैसा, वारूळ

साप दूध पीत नाही. तहानेने व्याकूळ केलेला साप समोर येईल तो द्रव पितो आणि दूध त्याला बाधतं. तिजोरीत कात ठेवल्याने पैसा येतो हाही निव्वळ समज. वारुळाबद्दल मात्र जुन्या लोकांची नजर पक्की होती. बृहदारण्यक उपनिषदात वारुळावर पडलेल्या कातीचा दाखला आला आहे. वारूळ बांधते वाळवी, साप फक्त राहायला येतो. आत गारवा आणि दमटपणा टिकून असतो, म्हणजे कात टाकायला हवी तशी जागा.

बिस्किटाच्या पुड्यात अजगर

परदेशात बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक हौसेने पाळतात आणि तिकडची पहिली शिकवण हीच की पहिली कात झाल्याशिवाय पिल्लाला भरवू नका. ती हौस आपल्याकडे चोरवाटेने येते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किट-केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर अधिकाऱ्यांनी पकडले. २०२४ च्या नियमांनुसार बॉल पायथनसारख्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या विदेशी प्राण्याची, त्याच्या पिल्लांचीही, परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पुड्यात गुदमरत आलेल्या जिवाला विकत घेणं ही हौस नव्हे.

यंदा पऱ्हाट्या हलवताना

ढीग हाताने ओढू नका, काठीने हलवा. अंडी दिसली तर हात थांबवा, आजूबाजूला नागीण आहे का ते लांबून पाहा, अंड्यांवर ओली माती किंवा ओलं गोणपाट टाका आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. काम दोन दिवस दुसऱ्या कोपऱ्यात करता आलं तर तेच करा. त्यातली धामण मोठी झाली की तुमच्याच वावरातले उंदीर खाणार आहे. पिल्लं निघून गेल्यावर चिरलेली रिकामी कवचं सापडतील, ती मुलांना दाखवा. आणि वीतभर कात दिसली तर तिच्या डोळ्यांच्या दोन काचा शोधायला त्यांना शिकवा.